थायलॅकोलिओ, अर्थात ‘पिशवीवाला सिंह’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून कोणी राहायला आलं की कांगारू आणि कोआलाचा कार्यक्रम पहिल्या दोन दिवसांत उरकतो. तिसऱ्या दिवशी मी पाहुण्यांना गाडीत घालून अ‍ॅडलेडहून नॅराकूर्टच्या गुहांकडे नेते. तिथल्या ‘व्हिक्टोरिया फॉसिल केव्ह’मध्ये पिवळट उजेडात एक सांगाडा उभा केलेला आहे. सिंह म्हणावा तर तोंडात सुळे नाहीत. अस्वल म्हणावं तर शेपूट चांगली जाडजूड. त्याच्यासमोर उभं राहून लोकांनी मला जे प्रश्न विचारले, आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर जे येत राहिले, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते आहे.

थायलॅकोलिओ म्हणजे नेमका कोणता प्राणी?

ऑस्ट्रेलियात राहणारा, आता नामशेष झालेला शिकारी सस्तन प्राणी. कांगारूसारखाच पिशवीवाला, म्हणजे पिल्लू अगदी अपुऱ्या अवस्थेत जन्माला यायचं आणि आईच्या पिशवीत वाढायचं. थायलॅकोलिओ हे एका जातीचं नाव नाही, ते प्रजातीचं नाव आहे. या प्रजातीत तीन जाती मानल्या जातात आणि त्यांतली सर्वांत मोठी, सर्वांत शेवटची आणि सर्वांत जास्त अभ्यासलेली जात म्हणजे थायलॅकोलिओ कार्निफेक्स. खालची बहुतेक उत्तरं तिच्याबद्दलच आहेत.

नावाचा अर्थ काय?

ग्रीक ‘थायलॅकोस’ म्हणजे पिशवी किंवा थैली आणि ‘लिओ’ म्हणजे सिंह. ‘कार्निफेक्स’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ जल्लाद, खाटीक. हे नाव लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८५९ मध्ये दिलं. ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्यांनी घडवला तेच हे ओवेन. नाव देताना ते हात आखडता घेत नसत. पण या नावाने जेवढी ओळख करून दिली, तेवढीच दिशाभूलही केली, असं माझं मत आहे. ‘सिंह’ म्हटलं की डोळ्यांसमोर आयाळ, झेप आणि सुळे येतात. या प्राण्याकडे यातलं जवळपास काहीच नव्हतं.

मग तो सिंहाचा भाऊबंद नव्हता?

अजिबात नाही. सिंह, वाघ, मांजर, कुत्रा, अस्वल हे सगळे गर्भातच पिल्लू पूर्ण वाढवणारे प्राणी. त्यांचा आणि पिशवीवाल्यांचा रस्ता डायनोसॉरच्या काळातच वेगळा झाला. नात्याच्या हिशेबाने गीरच्या सिंहाला थायलॅकोलिओपेक्षा आपल्या गोठ्यातली म्हैस जवळची.

थायलॅकोलिओचे जिवंत नातेवाईक म्हणजे वॉम्बॅट आणि कोआला. वॉम्बॅट ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गुबगुबीत, आखूड पायांचा, बिळं खणणारा, दिवसभर झोपणारा, गवत खाणारा प्राणी. कोआला तर निलगिरीच्या पानांपलीकडे फारसं काही खात नाही. अशा दोन पिढीजात शाकाहारी घराण्यांच्या मधोमध खंडातला सर्वांत मोठा पिशवीवाला शिकारी जन्माला आला. खरी गंमत इथे आहे, आणि ती कळायची तर त्याच्या तोंडात डोकावावं लागतं.

दातांबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण तसे दात दुसऱ्या कुणाचे नाहीत.

वाघाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडात काम वाटून दिलेलं असतं. पुढचे पटाशीचे दात बारीक, त्यांच्या बाजूला लांब सुळे भोसकायला आणि धरायला, मागे मांस कापणाऱ्या दाढा. थायलॅकोलिओच्या शाकाहारी पूर्वजांकडे कामाचे सुळेच उरले नव्हते. पानं खाणाऱ्याला सुळ्यांचं काय करायचं? खालच्या जबड्यात पुढे आलेले फक्त दोन पटाशीचे दात होते, आजही कांगारू आणि वॉम्बॅटमध्ये असतात तसे. जे अवयव गेले ते सहसा परत येत नाहीत. त्यामुळे वंशाचा हा फाटा मांसाकडे वळला तेव्हा सुळ्यांचं काम पटाशीच्या दातांवर आलं. ते जाड, टोकदार झाले. खालची जोडी पुढे आणि वर झुकलेली, वरची जोडी खाली. धरणं आणि भोसकणं इथेच.

दुसरा बदल त्याहून मोठा. दोन्ही जबड्यांतली तिसरी उपदाढ लांबत लांबत पात्यासारखी झाली आणि तिच्या मागच्या चावणाऱ्या दाढा आक्रसून खुंटासारख्या उरल्या. चावून बारीक करायची सोयच संपली.

माझ्या टेबलावर या उपदाढेचं प्लॅस्टरचं प्रतिरूप आहे. लांबी चार-पाच सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या दोन पेरांएवढी. वरून पाहिलं तर किंचित बाक असलेली एकच सलग धार. बाजूने पाहिलं तर आतल्या अंगाला सपाट घासलेला पट्टा दिसतो. वरचं पातं खालच्या पात्याला घासून जायचं, त्याची ही खूण. त्या घासण्यानेच धार लागत राहायची. आईने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, “हा तर अडकित्ता!” शंभर पानांच्या शोधनिबंधात एवढं नेमकं वर्णन मला सापडलं नव्हतं. अर्थात अडकित्त्याचा खालचा दांडा बोथट असतो आणि इथे दोन्ही पाती धारदार, त्यामुळे काटेकोरपणे बोलायचं तर ही कात्री. पण जोर अडकित्त्याचा. तोंड आखूड असल्यामुळे पातं जबड्याच्या बिजागरीपासून फार लांब नाही, आणि सुपारी आपण बिजागरीजवळ का सरकवतो हे कुणाला सांगायला नको.

चावा खरंच सिंहापेक्षा जोरदार होता?

आकाराच्या मानाने, हो. स्टीफन रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बऱ्याच जिवंत आणि नामशेष शिकारी सस्तन प्राण्यांच्या कवट्यांवरून चाव्याचा जोर काढला. शरीराचं वजन लक्षात घेऊन तुलना करायची म्हणून त्यांनी एक निर्देशांक वापरला, त्यात साधारण प्राण्याला १०० गुण. सिंहाला ११२ मिळाले, टास्मानियन डेव्हिल या छोट्या पिशवीवाल्या शिकाऱ्याला १८१ आणि थायलॅकोलिओ कार्निफेक्सला १९४. सोप्या भाषेत, शंभर किलोच्या या प्राण्याचा चावा अडीचशे किलोच्या आफ्रिकन सिंहाच्या तोडीचा होता.

हे आकडे कवटीच्या मापांवरून काढलेले अंदाज आहेत. कुणी जिवंत जबड्यात मीटर ठेवलेला नाही. ‘इतिहासातला सर्वांत भयंकर चावा’ असे मथळे फिरत असतात ते या एका वाक्याअभावी.

आकार केवढा?

वजन साधारण १०० ते १३० किलो, काही सांगाडे १६० किलोच्या आसपासच्या प्राण्यांचे असावेत. खांद्यापाशी उंची पाऊण मीटर, लांबी दीड मीटरभर. आपल्या बिबट्याहून बराच भारी, पट्टेरी वाघाहून लहान. पण बिबट्याचा लवचीकपणा यात नाही. ठेंगणा, छाती-खांद्यांत भरलेला, तालमीतल्या पैलवानासारखा.

तो शाकाहारी होता असंही मी कुठेतरी वाचलं आहे. ते खोटं का?

खोटं नाही, जुनं आहे. हा वाद शंभर वर्षांहून जास्त चालला.

ओवेन यांच्यासमोर सुरुवातीला होते ते व्हिक्टोरिया प्रांतातल्या कोलोंगुलॅक तळ्याकाठचे अपुरे तुकडे. पात्यासारखी उपदाढ पाहून त्यांनी ठरवलं की हा अत्यंत क्रूर शिकारी असणार, आणि नावच ‘जल्लाद’ ठेवलं. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचे प्रमुख गेरार्ड क्रेफ्ट यांना हे पटेना. ते ऑस्ट्रेलियात राहून रोज तिथले प्राणी हाताळत होते, तर ओवेन लंडनमध्ये बसून बोटीने येणाऱ्या हाडांवर निकाल देत होते. क्रेफ्ट यांचा मुद्दा साधा: दातांची ठेवण पॉसमसारखी (झाडांवर राहणाऱ्या छोट्या पिशवीवाल्या प्राण्यासारखी) आहे, मग खाणंही साधारण तसंच असेल. १८६८ मध्ये विल्यम फ्लॉवर यांनीही लंडनमधूनच ओवेन यांच्या विरोधात लिहिलं. ज्याचे सगळे नातेवाईक पाला खातात, ज्याला सुळे नाहीत, तो शिकारी कसा? पुढे कुणी त्याला कडक सालीची फळं कापायला लावली, कुणी काकडी-भोपळ्याच्या जातीची. शंभर किलोचा प्राणी, असला जबडा, आणि तो काकड्या चिरतोय! पण त्या काळच्या माहितीत हा तर्क वेडगळ नव्हता. नात्यावरून आहार ओळखायचा की अवयवावरून, हा प्रश्न खराच होता.

थोडं विषयांतर. क्रेफ्ट यांचं त्यांच्या म्युझियमच्या विश्वस्तांशी असं काही बिनसलं की १८७४ मध्ये त्यांना नोकरीतून काढलं. ते जागा सोडेनात, तेव्हा दार फोडून, ते बसलेल्या खुर्चीसकट त्यांना उचलून बाहेर नेऊन ठेवलं. थायलॅकोलिओचा याच्याशी संबंध नाही, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आणि फ्लॉवर? १८८४ मध्ये लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात ओवेन यांच्याच जागेवर ते बसले.

निकाल लागला तो पुराव्याने. १९८२ मध्ये रॉड वेल्स आणि सहकाऱ्यांनी दातांवरची झीज आणि ओरखडे तपासले. पाला किंवा तंतुमय वनस्पती चघळणाऱ्या दातांवर जी झीज दिसते ती इथे नव्हती. जे होतं ते मांस कापणाऱ्या दातांशी जुळणारं. शिवाय मेलबर्नच्या उत्तरेला लान्सफील्ड इथल्या दलदलीत सापडलेल्या मोठ्या कांगारूंच्या हाडांवर सरळ, खोल काप आहेत. ते माणसांनी दगडी हत्यारांनी केले असावेत अशी शंका आधी होती. थायलॅकोलिओच्या उपदाढेशी ते जुळवून पाहिल्यावर चित्र बदललं. आज तो मांसाहारी होता यावर तज्ज्ञांत वाद नाही. ओवेन बरोबर निघाले, पण मला विचाराल तर क्रेफ्ट यांची शंका जास्त शिकवून गेली.

अंगठ्याचं काय ते?

पुढच्या पायाचा, खरं तर हाताचाच म्हणायला हवं, अंगठा इतर बोटांपासून बाजूला वळू शकत होता आणि त्यावर भलीमोठी वाकडी नखी होती. मांजरासारखी ती आत ओढून घेता येत असावी, त्यामुळे टोक बोथट व्हायचं नाही. बाकीच्या बोटांच्या नख्या त्यामानाने लहान.

मग शिकार कशी करत असेल?

पळत पाठलाग करून नाही, एवढं नक्की. हातपाय धावपटूचे नाहीत आणि कमरेचा कणा ताठ. चित्त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो तसला प्रकार इथे नव्हता. दबा धरायचा, जवळून पकडायचं.

पकडल्यावर मारायचं कशाने, यावर मतं आहेत. एक मत असं की दातांनी धरून जबड्याने काम तमाम. दुसरं मत २०१६ मध्ये स्पेनचे बोर्हा फिगेरिदो आणि सहकाऱ्यांनी मांडलं. त्यांनी कोपराचा सांधा बऱ्याच जिवंत प्राण्यांशी ताडून पाहिला. थायलॅकोलिओच्या हाताला आजच्या कुठल्याही शिकारी प्राण्यापेक्षा जास्त मोकळीक होती, असं त्यांना दिसलं. त्यावरून त्यांचा तर्क: पुढच्या दातांनी भक्ष्य धरून ठेवायचं आणि अंगठ्याच्या नखीने फाडायचं. म्हणजे सिंहाच्या बरोबर उलट. सिंह पंज्यांनी धरतो आणि तोंडाने मारतो.

मला ही दुसरी कल्पना आवडते, पण आवडणं हा पुरावा नव्हे. कदाचित तो दोन्ही करत असेल. मेलेलं जनावरही सोडत नसेल.

भक्ष्य म्हणून तेव्हाच्या ऑस्ट्रेलियात पुष्कळ मोठे प्राणी होते: आखूड तोंडाचे धिप्पाड कांगारू, आणि डिप्रोटोडॉन नावाचा गेंड्याएवढा, अडीच टनांहून भारी वॉम्बॅटचा नातेवाईक. पूर्ण वाढलेल्या डिप्रोटोडॉनच्या वाट्याला तो रोज जात असेल असं वाटत नाही. पिल्लं, म्हातारी, चिखलात रुतलेली जनावरं मात्र हाती लागत असणार.

शेपूट होती हे कधी कळलं?

२०१८ मध्ये! प्राण्याला नाव मिळून दीडशेहून अधिक वर्षं झाली होती आणि शेपटीचा पत्ता नव्हता. शेपटीचे मणके लहान, सुटे, गुहेत वाहून जाणारे. मग नॅराकूर्टची कोमात्सू गुहा आणि नल्लारबॉरची फ्लाइटस्टार गुहा, अशा दोन ठिकाणच्या हाडांवरून पहिल्यांदाच संपूर्ण सांगाडा जुळवता आला. फ्लिंडर्स विद्यापीठातल्या रॉड वेल्स आणि एरन केमन्स यांनी तो छापला. गळ्याजवळचं कॉलरबोनही पहिल्यांदा तेव्हाच मिळालं.

शेपूट जाड, ताठ आणि स्नायूंची निघाली. शेपटीच्या खालच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांना जपणारी छोटी हाडं कांगारूमध्ये असतात तशी होती. याचा अर्थ मागचे दोन पाय आणि शेपूट अशा तिपाईवर बसून पुढचे हात मोकळे ठेवता येत असणार. टास्मानियन डेव्हिल असं बसतो. चालही डेव्हिलसारखीच असावी असं लेखकांचं म्हणणं.

हेच रॉड वेल्स १९६९ मध्ये ग्रँट गार्ट्रेल यांच्यासोबत नॅराकूर्टच्या व्हिक्टोरिया गुहेत एका अरुंद फटीतून सरपटत पलीकडे गेले होते. समोर जमिनीवर पसरलेली हाडंच हाडं. त्या दिवसापासून शेपटीपर्यंत यायला त्यांना जवळपास पन्नास वर्षं लागली.

झाडावर चढायचा का?

चढायचा, आणि याचा पुरावा हाडांपलीकडचा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ‘टाइट एन्ट्रन्स केव्ह’ नावाची गुहा आहे. नावातच तिचं वर्णन आलं. तिच्या आतल्या खडकांवर हजारो ओरखडे आहेत. ते कुणाचे?

सॅम्युएल आर्मन आणि गॅव्हिन प्रिडो यांनी त्याचा छडा गुन्हे शाखेच्या थाटात लावला. संशयितांची यादी केली: वॉम्बॅट, कोआला, पॉसम, डेव्हिल, थायलसीन (म्हणजे ‘टास्मानियन टायगर’), थायलॅकोलिओ. जिवंत संशयितांचे ओरखडे कसे पडतात ते पाहिलं, मेलेल्यांचे पंजे हाडांवरून मांडले. मग नख्यांमधलं अंतर, ओरखड्यांची रुंदी, दिशा हे सगळं जुळवलं. बहुतेक मोठे ओरखडे थायलॅकोलिओचे ठरले. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट पुढे आहे. बरेच ओरखडे आकाराने लहान, म्हणजे पिल्लांचे होते. गुहा ही बछड्यांना वाढवायची जागा होती. आणि बाहेर पडताना ते प्राणी कमी चढाची लांब वाट सोडून सरळ उभा खडक चढून जात. एवढी ताकद आणि पकड ज्याच्या अंगात आहे त्याला झाड अवघड नाही. अंधारात खडकाला नख्या लावत आईमागे वर जाणारं पिल्लू, हजारो वर्षांनंतर, फक्त ओरखड्यांवरून दिसतं. कवटी पाहून मला कधी असं भरून आलं नाही.

जीवाश्म कुठे कुठे सापडतात?

ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच भागांत: नॅराकूर्ट, न्यू साउथ वेल्समधल्या वेलिंग्टन गुहा, क्वीन्सलंड, व्हिक्टोरिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया. पण सर्वांत नाट्यमय जागा म्हणजे नल्लारबॉर पठार. नावाचा अर्थच ‘एकही झाड नाही’. चुनखडीचं सपाट माळरान, मधूनच जमिनीला पडलेलं अरुंद भोक, आणि खाली बाटलीसारखी फुगत गेलेली गुहा. रात्री चालणाऱ्या जनावराचा पाय भोकात गेला की खेळ खलास. शेकडो शतकं हा सापळा लागलेलाच होता.

२००२ मध्ये गुहा शोधणारे हौशी लोक दोरीने अशा भोकांतून खाली उतरले. तळाशी, जणू कालच पडल्यासारखा, थायलॅकोलिओचा सांगाडा. पश्चिम ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या चमूने पुढे तिथून काढलेल्या हाडांमध्ये पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या ६९ जाती ओळखल्या. त्यांत कांगारूच २३ प्रकारचे, आणि त्यांतले ८ विज्ञानाला तोवर माहीतच नव्हते. झाडावर राहणारे कांगारूसुद्धा होते. आज जिथे सावलीला झाड मिळत नाही तिथे! हे सगळं काही लाख वर्षांपूर्वीचं.

या घराण्यात आणखी कोण कोण होतं?

बरेच. कुटुंबाचा माग जवळपास अडीच कोटी वर्षं मागे जातो. क्वीन्सलंडमधल्या रिव्हर्सले इथे सापडलेला मायक्रोलिओ जेमतेम ६०० ग्रॅमचा होता, म्हणजे मोठ्या खारीएवढा. २०१६ मध्ये त्याला डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव दिलं. वाकालिओ नावाची प्रजाती कुत्र्याएवढी. या सगळ्यांत ती तिसरी उपदाढ दिसते, फक्त आधी लहान. थायलॅकोलिओमध्येच टी. हिली ही छोटी, टी. क्रॅसिडेन्टॅटस ही मधली आणि टी. कार्निफेक्स ही मोठी. उपदाढ लांबत गेली आणि मागच्या दाढा झिजत गेल्या, ही कहाणी एकामागून एक कवटी ठेवली की डोळ्यांनी पाहता येते.

पाठीवर पट्टे असलेला ‘टास्मानियन टायगर’ तो हाच का?

नाही. तो थायलसीन. नावं सारखी वाटतात कारण दोन्हींत ‘थायलॅकोस’ आहे. थायलसीन कुत्र्यासारखा दिसायचा, वजनाने कितीतरी हलका, आणि त्याचं नातं डेव्हिलशी. शेवटचा थायलसीन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ रोजी मेला. त्याचे फोटो आणि चित्रफिती आहेत. थायलॅकोलिओचं असं काही नाही.

माणसांनी थायलॅकोलिओ जिवंत पाहिला असेल का?

बहुधा हो. ऑस्ट्रेलियात माणूस निदान ५० हजार वर्षांपासून आहे आणि थायलॅकोलिओ संपला तो सुमारे ४० ते ४५ हजार वर्षांपूर्वी. म्हणजे काही हजार वर्षं दोघे एकाच जमिनीवर होते.

वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात खडकावर एक चित्र आहे. जाड पुढचे हात, पट्टे, झुपकेदार टोकाची शेपूट. किम अकरमन आणि टिम विलिंग यांनी २००९ मध्ये हे थायलॅकोलिओचं चित्र असल्याचं मांडलं. इतरांना तो थायलसीन वाटतो. अकरमन आणि विलिंग बरोबर असतील तर पट्ट्यांची माहिती थेट साक्षीदाराकडून मिळाली असं होईल. तोवर चित्रकार रंग आपल्या मनाने भरतात, हे लक्षात ठेवून पुस्तकातली चित्रं पाहावीत.

नामशेष का झाला?

तो एकटा नाही गेला. डिप्रोटोडॉन, धिप्पाड कांगारू, मोठी घोरपड, सगळेच त्या सुमाराला संपले. भक्ष्य गेलं की शिकारी जातोच, इथपर्यंत एकमत. भक्ष्य का गेलं यावर मात्र हमरीतुमरी आहे: माणसांची शिकार, माणसांनी लावलेल्या वणव्यांनी बदललेलं रान, की कोरडं होत गेलेलं हवामान. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक यावर अजूनही एकमेकांचे निबंध फाडत असतात. मला वाटतं, याआधीचे कित्येक कोरडे काळ हे प्राणी तगून गेले होते, तेव्हा माणसाला पूर्णपणे निर्दोष सोडणं कठीण आहे.

आपल्याकडे असे पिशवीवाले प्राणी का नव्हते? भारत आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी जोडलेले होते ना?

होते. त्या जुन्या महाखंडाचं नाव गोंडवन, आणि ते आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. चांद्याच्या वाचकांना हे सांगायला नको. पण वेळ जुळली नाही. भारत त्या महाखंडाच्या अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूपासून साधारण १३ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि उत्तरेकडे निघाला. पिशवीवाले प्राणी ऑस्ट्रेलियात आले ते दक्षिण अमेरिकेतून, तेव्हा हिरव्या असलेल्या अंटार्क्टिकावरून चालत. क्वीन्सलंडमधल्या मर्गनचे त्यांचे जुने जीवाश्म सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तोवर आपली गाडी केव्हाच सुटली होती.

‘ड्रॉप बेअर’ हाच का?

ड्रॉप बेअर म्हणजे झाडावरून पर्यटकांच्या डोक्यावर पडणारा मांसाहारी कोआला. ऑस्ट्रेलियन लोक नवख्यांना अत्यंत गंभीर चेहऱ्याने ही थाप मारतात. ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या संकेतस्थळावरसुद्धा या ‘प्राण्याची’ नोंद आहे, वैज्ञानिक नावासकट. माझ्या भाचीला इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कानामागे टूथपेस्ट लावायला सांगितली होती, त्याने तो दूर राहतो म्हणे. तिने लावली. पण झाडावर चढणारा, कोआलाचा मांसाहारी नातेवाईक इथे खरोखर होता, हे तिला नंतर सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

प्रत्यक्ष पाहायचा असेल तर कुठे जावं?

नॅराकूर्ट. अ‍ॅडलेडहून गाडीने साधारण चार तास. क्वीन्सलंडमधल्या रिव्हर्सलेसोबत १९९४ पासून ही जागतिक वारसा यादीत आहे. व्हिक्टोरिया फॉसिल केव्हमध्ये मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, आधी बुकिंग करून ठेवा. आत बारा महिने थंडावा असतो, उन्हाळ्यातही पातळ स्वेटर जवळ असू द्या. वर वोनाम्बी फॉसिल सेंटरमध्ये त्या काळच्या प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती आहेत, लहान मुलं तिथे रमतात आणि थोडी घाबरतातही. गुहेतल्या सांगाड्यासमोर गर्दी नसेल तर दोन मिनिटं जास्त थांबा आणि टॉर्च घेतलेल्या मार्गदर्शकाला विनंती करा, की उजेड जरा बाजूने जबड्यावर टाका. समोरून तो दात नुसता पांढरा ठोकळा वाटतो. बाजूने उजेड पडला की धार दिसते.